'वैकुंठगमन' आणि 'स्वर्गारोहण' हे शब्द एकाच अर्थाचे आहेत का?

तुकाराम महाराजांचे 'वैकुंठगमन' आणि येशू ख्रिस्ताचे 'स्वर्गारोहण' यांचा अर्थ एकच असेल, तर मराठीत दोन वेगळे शब्द का रूढ झाले, असे आपण विचारले आहे. माझ्या मते अर्थ एक नाही. दोन्ही शब्दांतील क्रिया निराळी आहे.

'आरोहण' हा शब्द 'रुह्' या संस्कृत धातूपासून आला आहे आणि त्या धातूत उगवणे, वाढणे व चढणे हे तिन्ही अर्थ आहेत. म्हणूनच गिर्यारोहण, रागाचा आरोह आणि वृक्षारोपण हे शब्द एका कुळातले ठरतात (दुसऱ्यावर ठेवला जाणारा 'आरोप'सुद्धा याच घरातला). चढण्यात श्रम गृहीत असतात. महाभारताच्या अखेरच्या पर्वाचे नाव स्वर्गारोहणपर्व आहे; त्याच्या आधीच्या महाप्रस्थानिकपर्वात हिमालयाच्या वाटेवर द्रौपदी आणि चौघे भाऊ एकामागून एक कोसळतात व युधिष्ठिराबरोबर केवळ एक कुत्रा उरतो.

ख्रिस्ती परंपरेत या शब्दाला आणखी एक कंगोरा आहे. येशू पुनरुत्थानानंतर 40 दिवसांनी स्वतःच्या सामर्थ्याने वर गेला, त्याची आई मारिया मात्र देवाकडून वर घेतली गेली, असे कॅथलिक मानतात आणि या दोन घटनांना लॅटिनमध्ये दोन स्वतंत्र शब्द आहेत. मराठीत पुष्कळदा दोन्हींना 'स्वर्गारोहण'च म्हटले जाते आणि हा भेद पुसला जातो. मारियेचा हा सण 15 ऑगस्टला येतो, म्हणजे गोव्यात आणि वसईत त्या दिवशी चर्चमध्ये एक आरोहण व मैदानावर दुसरे, ध्वजाचे. तिथेही आपली भाषा सैलच आहे. 15 ऑगस्टला ध्वज खालून वर चढवला जातो, तर 26 जानेवारीला तो आधीच वर बांधलेला असून फक्त फडकावला जातो. निमंत्रणपत्रिकांवर मात्र दोन्ही दिवशी सर्रास 'ध्वजारोहण' छापलेले असते.

आता देहूकडे येऊ. फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे तुकाराम बीजेला, जो निरोपाचा अभंग हमखास आठवला जातो, त्याची सुरुवात 'आम्ही जातो आपुल्या गावा' अशी आहे. त्यात चढणे कुठेच नाही. जाणे आहे, तेही आपल्या गावाला. वारकऱ्याच्या मनात वैकुंठ हे जिंकायचे शिखर नसून घर आहे आणि घरी कोणी आरोहण करत नाही, म्हणून 'गमन' हाच शब्द मला तिथे नेमका वाटतो. ज्ञानेश्वरांनी तर आळंदीला समाधी घेतली, ती भूमीच्या पोटात.

रोजच्या बोलण्यातही हाच कल दिसतो. कैलासवासी, वैकुंठवासी, ख्रिस्तवासी, पैगंबरवासी या सर्व शब्दांत 'वास' आहे, चढण नाही. 'वर गेला' असे आपण म्हणतो खरे, पण ते बोट आकाशाकडे करून, काहीशा थट्टेने. श्रद्धांजलीच्या जाहिरातीत ते कोणी छापणार नाही.

सदेह स्वर्गात जाण्याचा हट्ट धरणारा आणखी एक राजा होता, त्रिशंकू. विश्वामित्रांनी त्याला वर पाठवले, इंद्राने खाली ढकलले आणि तो मध्येच उलटा लटकत राहिला. रोजच्या मराठीत सर्वांत जास्त वापर याच फसलेल्या आरोहणाचा होतो: कोणत्याच पक्षाला बहुमत मिळाले नाही की विधानसभा त्रिशंकू होते.