उपग्रह ‘नाममात्र’ काम करतो का? : ‘नॉमिनल’ या विशेषणाविषयी

नागपुरातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. विज्ञान दिनाच्या भित्तिपत्रकासाठी त्यांच्या आठवीच्या मुलांनी आदित्य-एल१ या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या उपग्रहाची माहिती इंग्रजीतून मराठीत आणली. ३ सप्टेंबर २०२३च्या इस्रोच्या संदेशात उपग्रह ‘हेल्दी’ आहे आणि ‘ऑपरेटिंग नॉमिनली’ असं म्हटलं होतं. मुलांनी कोश उघडून लिहिलं, ‘उपग्रह निरोगी असून नाममात्र काम करत आहे.’ वाक्य खटकतंय, पण कोशात नॉमिनलला ‘नाममात्र’ हाच शब्द दिसतो. मग लिहायचं काय?

ताई, भित्तिपत्रकावर असं लिहा: ‘उपग्रह सुस्थितीत असून त्याचं काम ठरल्याप्रमाणे चालू आहे.’ मुलांचा यात दोष नाही. या शब्दाला दोन वाटा फुटल्या आहेत आणि कोशाने त्यांना एकच दाखवली.

मूळ लॅटिन ‘नोमेन’, म्हणजे नाव. आपल्या ‘नाम’चं आणि त्याचं कूळ एकच. नॉमिनल म्हणजे नावाचा, नावाने सांगितलेला. रोजच्या व्यवहारात त्याचा अर्थ ‘नुसता नावाला’ असा झाला आणि तिथून ‘अगदी थोडा’ इथवर घसरला. ‘नॉमिनल फी’ची ‘नाममात्र शुल्क’ झाली ती अशी, आणि तिथे ती चपखल बसते. तंत्रज्ञांच्या हातात मात्र शब्द वेगळ्याच दिशेने गेला: वस्तूची ओळख म्हणून, किंवा आराखड्यात आधीच, जो आकडा सांगितला आहे तो. त्यात कमीपणाचा मागमूसही नाही.

हे समजायला इतवारीतली लोहाओळ, म्हणजे लोखंडी सामानाचा बाजार, उत्तम. तिथे अर्ध्या इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप मागा. कागदोपत्री तो ‘१५ एनबी’, म्हणजे नॉमिनल बोअर (आतल्या भोकाचा व्यास) १५ मिलिमीटर. आता टेप घेऊन मोजा. बाहेरचा व्यास येतो सुमारे २१.३ मिमी. आतला व्यास पाइपाच्या जाडीवर ठरतो: पिवळ्या पट्ट्याच्या हलक्या, म्हणजे ए क्लास पाइपात सुमारे १७.३, निळ्या पट्ट्याच्या बी क्लासमध्ये १६.१ आणि लाल पट्ट्याच्या जड सी क्लासमध्ये १४.९. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, तोही कुठे सापडत नाही. पण दुकानदाराने फसवलेलं नसतं. तिन्ही पाइपांवर एकाच मापाचे आटे पडावेत, एकच सॉकेट आणि एकच एल्बो बसावा, म्हणून बाहेरचं माप सारखं ठेवलेलं असतं, आणि जाडी वाढली की ती आतली जागा खाते. ‘१५’ हे त्या घराण्याचं नाव आहे. कोणता पाइप कोणत्या फिटिंगशी जुळेल हे त्या नावावरून कळतं, आणि प्लंबरला नेमकं तेवढंच हवं असतं. इथे मराठीत ‘नाममात्र व्यास’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की पाइपाला भोक जेमतेमच आहे! ‘सांकेतिक व्यास’ म्हणा, अर्थ पोचतो. हिंदी तांत्रिक पुस्तकांत यासाठी ‘अभिहित’ असतो; शब्द नेमका आहे, पण मराठी कानाला परका वाटतो.

विजेचंही तेच. कूलरच्या मोटारीवर २३० व्होल्ट लिहिलेलं असतं, तो नॉमिनल दाब. मे महिन्यात दुपारी, मोहल्ल्यातले सगळे कूलर एकदम सुरू असताना, मीटर लावून बघितलं तर आकडा २३०वर क्वचितच थांबलेला दिसेल. १९५६च्या भारतीय वीज नियमांत कमी दाबाच्या पुरवठ्याला ठरीव आकड्यापासून ६ टक्के वरखाली जाण्याची मुभा होती. २३०चा हिशोब केला तर साधारण २१६ ते २४४. नॉमिनल आकड्याला अशी मुभेची जोड असतेच. ती धरूनच तो वाचायचा.

आता आदित्यकडे. यान सुटण्याआधी सगळा प्रवास कागदावर मांडलेला असतो: कितव्या सेकंदाला उंची किती, वेग किती, टाकीतला दाब किती. तो झाला नॉमिनल मार्ग. प्रक्षेपणाचं थेट प्रसारण मुलांना मुद्दाम दाखवा. पडद्यावर आधी आखलेल्या रेघेवरून प्रत्यक्ष मार्गाची रेघ सरकत जाते. दोन्ही रेघा ठरलेल्या फरकाच्या आत राहिल्या, की सगळं नॉमिनल. त्या ३ सप्टेंबरला पहिल्यांदा कक्षा वाढवल्यावर आदित्य २४५ × २२,४५९ किलोमीटरच्या कक्षेत पोचला, म्हणजे पृथ्वीपासून जवळच्या टोकाला २४५ आणि दूरच्या टोकाला २२,४५९ किलोमीटर. नॉमिनली चालला आहे, याचा अर्थ जे व्हायचं ठरलं होतं तेच होतंय.

‘नॉर्मल’शी याची गल्लत होते, आणि निवेदनांत ‘नॉर्मल’ही ऐकू येतं. पण नॉर्मल म्हणजे नेहमीसारखं. नॉमिनल म्हणजे योजनेसारखं. योजनेनुसार इंजिन बंद असायला हवं आणि ते बंद आहे, तर तेही नॉमिनलच.

अर्थशास्त्रात याची जोडी ‘रिअल’शी. ठेवीवर ७ टक्के व्याज आणि महागाई ५ टक्के असेल, तर ७ हा नॉमिनल दर, आणि पदरात पडते ती खरी वाढ साधारण २ टक्क्यांची. तिथे ‘नाममात्र व्याजदर’ लिहिलं तर व्याज कवडीमोल वाटेल. ‘सांगितलेला दर’ बरा. शेअरच्या नॉमिनल किमतीला तर आपल्याकडे ‘दर्शनी किंमत’ हा सुंदर शब्द आधीपासूनच रुळलेला आहे. संख्याशास्त्रात नॉमिनल आकडा म्हणजे निव्वळ नाव. ४४०००१ आणि ४४००१० या पिनकोडांची सरासरी काढून काही हाती लागत नाही, कारण ते आकडे काही मोजतच नाहीत.

मुलं पुढे ‘ऑफ-नॉमिनल’ विचारतील. तिथे ‘बिघाड’ लिहू देऊ नका, ‘ठरल्यापेक्षा वेगळं’ असं लिहा. इंजिनाने अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला, तरी तेही ऑफ-नॉमिनलच असतं.