घरामागे गॅस स्टेशन येतंय आणि नोटीस आलीये. ग्रीन कार्डवाल्याला टाउनशिपच्या हिअरिंगमध्ये बोलता येतं का?

हो, बिनधास्त बोला. न्यू जर्सीच्या म्युनिसिपल लँड यूज लॉमध्ये नागरिकत्वाची अट नाही. आपल्या जागेच्या वापरावर ज्याला परिणाम होण्याची शक्यता वाटते त्याला बोलायचा हक्क आहे, मग तो ग्रीन कार्डवर असो, एच-वन-बीवर असो की भाड्याने राहत असो. तुम्हाला सर्टिफाइड मेल आलं, कारण तुमचं घर त्या जागेपासून २०० फुटांच्या आत आहे. त्यापलीकडच्यांना पत्र येत नाही, पण त्यांनाही बोलता येतं. त्यांना तुम्हीच जाऊन सांगा.

आता नोटीस पुन्हा वाचा आणि गॅस स्टेशनचा अर्ज कुठल्या बोर्डापुढे आहे ते बघा. प्लॅनिंग बोर्डापुढे असेल तर बहुधा त्या झोनमध्ये गॅस स्टेशनला मुभा आहे आणि चर्चा आराखड्याचीच होणार. तिथे "आम्हाला हे नकोच" म्हणून हाती काही लागत नाही. झोनिंग बोर्डापुढे असेल आणि नोटिशीत 'यूज व्हेरिअन्स' (म्हणजे त्या झोनमध्ये मुभा नसलेल्या वापरासाठी खास सूट) लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे साधं बहुमत चालत नाही, सातपैकी पाच मतं बाजूने पडावी लागतात. पाचच सदस्य हजर असतील तर एकाच्या नकाराने अर्ज पडतो, म्हणून हजेरी कमी दिसली की अर्जदाराचा वकील पुढची तारीख मागतो. शिवाय शाळा किंवा हॉस्पिटल मुळातच लोकोपयोगी मानलं जातं तसं गॅस स्टेशन मानलं जात नाही. हीच जागा त्याला योग्य का, हे अर्जदाराला पटवून द्यावं लागतं. काही टाउनशिपमध्ये गॅस स्टेशनला अटींवर परवानगी असते. त्यातली एखादी अट मोडत असली तरी पाच मतं लागतातच, फक्त अर्जदाराचं काम थोडं सोपं होतं.

नकाशे आणि रिपोर्ट हिअरिंगच्या निदान १० दिवस आधी टाउनशिपच्या ऑफिसात बघायला ठेवावे लागतात. ते बघितल्याशिवाय जाऊ नका. माझ्या मते सगळी लढाई तिथेच आहे.

आमच्या भागात असाच अर्ज आला होता: पंप, त्याला जोडून चोवीस तासांचं दुकान आणि सँडविच काउंटर. दोन-चार जण तावातावाने बोलले, टाळ्याही पडल्या, बोर्ड ढिम्म. मग मागच्या गल्लीतल्या एक मराठी काकू उठल्या. त्यांनी इंजिनियरला त्याच्याच नकाशाचं एक पान उघडायला लावलं आणि विचारलं, "पेट्रोल उतरवताना टँकर नेमका कुठे उभा राहणार?" त्याने बोट ठेवलं. तिथे दुकानाच्या पार्किंगच्या जागा आखलेल्या होत्या. "मग तेवढा वेळ या गाड्या कुठे जातील?" उत्तर आलं नाही. अध्यक्षांनी नकाशा बदलून आणायला सांगितला आणि टँकर कधी येणार हेही लिहून मागितलं. काकूंनी आवाजसुद्धा चढवला नव्हता.

ट्रॅफिक रिपोर्टमध्ये एक शब्द हमखास येईल, 'पास-बाय ट्रिप'. म्हणजे पंपावर येणाऱ्या बऱ्याच गाड्या त्या रस्त्यावरून एरवीही जाणारच होत्या, म्हणून नवी गर्दी थोडीच. यात तथ्य आहे. पण तीच गाडी आता डावीकडे वळायला थांबणार, समोरची रांग तोडून आत शिरणार. रस्त्यावर गाड्या किती वाढल्या एवढं विचारून थांबू नका, गेटपाशी वळणाऱ्या गाड्या किती ते विचारा. गाड्यांची मोजणी कुठल्या दिवशी केली, तेव्हा शाळा चालू होत्या का, हेही विचारा. न्यू जर्सीत स्वतःच्या हाताने गॅस भरता येत नाही, अटेंडंट लागतो. दोनच अटेंडंट असतील तर सकाळी आठला रांग रस्त्यावर येईल का? हा प्रश्न अगदी रास्त आहे.

सह्यांचं निवेदन नेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण त्याला पुरावा म्हणून वजन नसतं, कारण सही करणाऱ्याची उलटतपासणी होत नाही. तीच माणसं खुर्चीत येऊन बसली तर फरक पडतो. "जवळच तीन पंप आहेत, चौथा कशाला" हेही चालत नाही, धंद्यातली स्पर्धा बोर्डाच्या विचारात येत नाही. बोर्डावरच्या ओळखीच्या माणसाला बाहेर गाठून तर अजिबात बोलू नका. जे म्हणायचं ते हिअरिंगमध्येच, शपथेवर. तुमची असोसिएशन कॉर्पोरेशन म्हणून नोंदलेली असेल तर तिच्या वतीने वकीलच लागतो. स्वतःपुरतं बोलायला लागत नाही.

दुसरी तयारीही ठेवा. मंजुरी मिळणारच असं दिसलं तर अटी मागा: तुमच्या बाजूला उंच कुंपण आणि दाट झाडं, पंपावरच्या छताचे दिवे खाली वळवलेले, कचऱ्याचा ट्रक पहाटे नाही. ठरावात लिहिलं गेलं तरच ते बंधनकारक होतं, तोंडी "करू की" ला अर्थ नाही. निर्णयाविरुद्ध कोर्टात जायचं तर निर्णयाची सूचना प्रसिद्ध झाल्यापासून ४५ दिवस असतात.

असे अर्ज एका रात्रीत क्वचितच संपतात. पुढची तारीख त्याच हिअरिंगमध्ये तोंडी जाहीर करतात आणि मग बहुधा नवं पत्र येत नाही. तेव्हा कितीही उशीर झाला तरी त्या अर्जाची पुढची तारीख जाहीर होईपर्यंत जागेवरून उठू नका आणि तारीख लिहून घ्या.