वेस्टर्न ब्लॉटवर ५८ किलोडाल्टनच्या आसपास पट्टी आली, म्हणजे पीकेएम२ सापडलं का?

नुसत्या पट्टीवरून सांगता येणार नाही. वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रथिनं जेलवर वजनानुसार वेगळी करतात आणि हवं ते प्रथिन अँटीबॉडीने ओळखतात; किलोडाल्टन हे त्या वजनाचं एकक. पायरुवेट कायनेज या एन्झाइमची पीकेएम१ आणि पीकेएम२ ही रूपं एकाच जनुकातून येतात. स्प्लायसिंगमध्ये, म्हणजे जनुकाच्या आरएनए प्रतीतले तुकडे कापून-जोडताना, एक्सॉन ९ (एक्सॉन म्हणजे जोडून ठेवला जाणारा तुकडा) राहिला तर पहिलं, १० राहिला तर दुसरं. दोन्हींची लांबी ५३१ अमिनो आम्लं, त्यामुळे जेलवर दोन्ही एकाच जागी येतात. फरक फक्त ५६ अमिनो आम्लांच्या तुकड्यात, आणि तिथेही बराचसा क्रम सारखाच.

म्हणून आधी अँटीबॉडीच्या डेटाशीटवर इम्युनोजेन बघा, म्हणजे ती बनवताना वापरलेलं प्रथिन किंवा त्याचा तुकडा. तो एक्सॉन १० च्या भागातला नसेल, तर अँटीबॉडी दोन्ही रूपं पकडत असण्याची दाट शक्यता आहे. कुपीवर नाव काहीही छापलेलं असो.

मग एकाच जेलवर हेला पेशींचं (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोग पेशी) आणि उंदराच्या प्रौढ कंकाल स्नायूचं लायसेट (पेशी फोडून काढलेला अर्क) शेजारी-शेजारी चालवा. हेलात पीकेएम२ भरपूर असतं, स्नायूत मुख्यतः पीकेएम१. स्नायूच्या लेनमध्येही (जेलवरच्या त्या नमुन्याच्या रांगेत) तितकीच ठसठशीत पट्टी दिसली तर त्या अँटीबॉडीवर विसंबू नका. लेन कोरी आली तरी लगेच खूश होऊ नका: अँटीबॉडीला उंदराचं प्रथिन ओळखता येतं ना, आणि पीकेएम१ च्या अँटीबॉडीने त्याच लेनमध्ये पट्टी येते ना, हे तपासा.

शंका उरलीच तर एक्सॉन १० वर एसआयआरएनए (ठरावीक आरएनए नष्ट करणारा छोटा आरएनए) वापरून पट्टी फिकी पडते का बघा.