अनुभवाचे सहा महिने कमी पडत होते

“मॅडम, सात वर्षं घरी होते. आता व्हॅल्युअर होता येईल का, की ते सगळं गेलं?”

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच तिने हे विचारलं होतं. व्हॅल्युअर म्हणजे घर-जमिनीसारख्या मालमत्तेची किंमत काढून अहवालावर सही करणारा मूल्यांकनकार. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. समुपदेशनाच्या कामात थोड्याफार फरकाने हाच प्रश्न मला सतत येतो. कुणाचं वय झालेलं असतं, कुणाच्या नोकरीत खंड पडलेला असतो, कुणाला वाटतं की ओळख असल्याशिवाय या क्षेत्रात कुणी उभंच करत नाही. म्हणून तिची गोष्ट तिला विचारून लिहिते आहे. तिची ओळख पटेल असं काही इथे नाही.

वय छत्तीस, बी. ई. सिव्हिल. पदवीनंतर एका ठेकेदाराकडे ३ वर्षं ४ महिने साइट आणि बिलिंगचं काम. मग लग्न, दोन मुलं, सासऱ्यांचं आजारपण. मुलं शाळेत रुळल्यावर एका ज्येष्ठ व्हॅल्युअरांकडे ती कामाला लागली होती. मोजमाप घ्यायची, फोटो काढायची, अहवालाचा कच्चा मसुदा लिहायची. सही त्यांची. याला १४ महिने झाले होते.

ती घाबरली होती ती ऐकीव माहितीमुळे. कुणी सांगितलं होतं दहा वर्षांचा अनुभव लागतो, कुणी म्हणालं पाच, कुणी म्हणालं बँकेत ओळख असली की झालं. गंमत म्हणजे तिघेही पूर्ण चुकीचे नव्हते. तिघे तीन वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते आणि तिच्या डोक्यात त्यांची खिचडी झाली होती. पहिल्या भेटीत आम्ही ती खिचडी निवडण्यापलीकडे काही केलं नाही.

“सरकारमान्य मूल्यांकनकार” अशी पाटी आपण पाहतो, तिच्यामागे वेगवेगळ्या नोंदण्या असू शकतात. जुनी नोंदणी संपत्तीकर कायदा, १९५७ मधल्या कलम ३४एबीखालची. संपत्तीकर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, तरी आयकराच्या कामात, विशेषतः जुनं घर किंवा जमीन विकताना १ एप्रिल २००१ ची किंमत काढायची असली की, या व्हॅल्युअरांकडे लोक जातात. खासगी व्यवसाय करणाऱ्याला तिथे सल्लागार अभियंता, सर्वेक्षक किंवा वास्तुविशारद म्हणून दहा वर्षांची प्रॅक्टिस लागायची. दहा वर्षं आली ती इथून. दुसरी नोंदणी कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २४७ खालची. तिचे नियम ऑक्टोबर २०१७ मध्ये आले आणि नोंदणी करतं भारतीय नादारी आणि दिवाळखोरी मंडळ, म्हणजे आयबीबीआय. पाच वर्षं इथली. आणि बँकेचं पॅनेल हे तिसरंच प्रकरण. ती नोंदणी नव्हे. प्रत्येक बँक आपापल्या अटी लावून व्हॅल्युअर निवडते.

तिच्यासाठी सरळ वाट आयबीबीआयची होती. या नोंदणीत तीन वर्ग आहेत: जमीन व इमारत, यंत्रसामग्री, आणि रोखे व वित्तीय मालमत्ता. जमीन व इमारत या वर्गासाठी सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा टाउन प्लॅनिंगची पदवी अथवा तिच्याशी समकक्ष पात्रता, आणि त्यानंतर त्या क्षेत्रातला पाच वर्षांचा अनुभव लागतो. पदव्युत्तर शिक्षण असेल तर तीन वर्षं पुरतात. (नुसत्या डिप्लोमावर या वर्गात येता येईल का, असं विचारणारी मुलं खूप भेटतात. नाही येत. आधी पदवीचं बघा, हे मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगते, कारण खोटी आशा लावून त्यांची दोन वर्षं वाया घालवणं मला जमणार नाही.)

नियमाचा मजकूर मी तिच्यासमोर ठेवला आणि वाचायला सांगितला. तिने दोनदा वाचला.

“यात सलग पाच वर्षं असं कुठे म्हटलंय?” तिनेच विचारलं.

“नाहीच म्हटलेलं. आता बेरीज करा.”

४० महिने आणि १४ महिने, एकूण ५४. हवेत ६०. सात वर्षांच्या ज्या खंडाचं ओझं घेऊन ती आली होती, तो या हिशेबात कुठे आडवा येतच नव्हता. कमी पडत होते ते फक्त सहा महिने.

पुढच्या भेटीला ती चेहरा उजळून आली, आणि खरं काम तिथून सुरू झालं. नात्यातल्या कुणीतरी सुचवलं होतं की त्यांच्या ओळखीचा एक जण मागची तारीख टाकून वर्षभराचं अनुभवाचं पत्र देईल. “सगळे करतात म्हणे. सहा महिन्यांसाठी कशाला थांबायचं?”

अशा वेळी मी सहसा सल्ला देत नाही, समोरच्यालाच बोलतं करते. पण इथे मी स्पष्ट बोलले. या व्यवसायात व्हॅल्युअर विकतो काय? कागदावरचा एक आकडा आणि त्याखालची आपली सही. त्या सहीवर कुणीतरी कर्ज देतं, कुणाच्या घराचा लिलाव होतो, भावाभावांत वाटण्या होतात. कंपनी कायद्याच्या कलम २४७ च्या तरतुदी व्हॅल्युअरने मोडल्या तर पन्नास हजारांचा दंड आहे, आणि फसवणुकीचा हेतू असेल तर एक वर्षापर्यंत कैद आणि एक ते पाच लाखांचा दंड. ज्या मालमत्तेत आपला हितसंबंध आहे, तिचं मूल्यांकन करायलाही त्याच कलमात बंदी आहे. एवढ्या जबाबदारीच्या सहीखाली मुळात एक खोटं पत्र असेल, तर उद्या कुणी दबाव आणल्यावर तुम्ही कशाच्या बळावर नाही म्हणाल?

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला खरं तर वेगळीच भीती वाटते. परीक्षा पास होईन, पण आकडा काढायची वेळ आली तर? सर असतात तोवर ठीक आहे.”

हा तिचा खरा प्रश्न होता. कागदपत्रांच्या चिंतेखाली तो इतके दिवस दडला होता.

मी तिला घरचा अभ्यास दिला. ओळखीच्या एका जुन्या सोसायटीतला फ्लॅट घ्यायचा, सरांना न विचारता किंमत काढायची आणि मला समजावून सांगायची. मी काही इंजिनिअर नाही, त्यामुळे तिला प्रत्येक पायरी साध्या शब्दांत मांडावी लागणार होती.

ती वही घेऊन आली. इमारत २० वर्षांची, आयुष्य ६० वर्षं धरलेलं, शेवटी उरणारं भंगारमूल्य १० टक्के. म्हणजे ९० टक्के झीज ६० वर्षांत, २० वर्षांत ३० टक्के. बांधकामाचा आजचा खर्च काढून त्यातून ३० टक्के वजा. हे गणित पुस्तकात सापडतं. मला जास्त आवडलं ते पुढचं पान. बाजारभाव ताडून पाहायला तिने त्याच परिसरातल्या तीन व्यवहारांच्या सूची क्रमांक २ च्या, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताच्या उताऱ्याच्या प्रती मिळवल्या होत्या. दोन दर जवळपास सारखे होते, तिसरा खूपच कमी. तिसऱ्यावर तिने पेन्सिलीने काट मारली होती.

“हा का सोडला?”

“घेणारा आणि विकणारा, दोघांचं आडनाव आणि वडिलांचं नाव एकच आहे. भावाने भावाला दिलाय. हा बाजाराचा भाव नाही.”

मी वही तिच्याकडे सरकवली आणि ते वाक्य पुन्हा मोठ्याने वाचायला लावलं. तिने वाचलं, आणि वाचता वाचता हसली. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी दरपत्रकातला दरही तिने शेजारी लिहिला होता, पण तो मुद्रांक शुल्कासाठी असतो, बाजारभाव म्हणून तसाच उचलायचा नाही, अशी टीपही स्वतःच घातली होती.

ते पत्र तिने घेतलं नाही. सरांकडेच सहा महिने आणखी काम केलं, त्यांच्याकडून खऱ्या तारखांचं प्रमाणपत्र घेतलं आणि जुन्या ठेकेदाराला शोधून काढून त्याच्याकडूनही घेतलं. मग एका नोंदणीकृत मूल्यांकनकार संघटनेचं, म्हणजे आरव्हीओचं सदस्यत्व, आणि तिथला ५० तासांचा सक्तीचा अभ्यासक्रम.

परीक्षा संगणकावर, दोन तासांची, १०० गुणांची, पर्यायी उत्तरांची. पास व्हायला ६० हवेत. चुकलेल्या उत्तरामागे त्या प्रश्नाचे पाव गुण कापले जातात. पहिल्या वेळी तिला ५४ मिळाले. फोनवर रडली. आम्ही बसून पाहिलं तर मूल्यांकनाचे प्रश्न तिला छान गेले होते, कायदा आणि अर्थशास्त्राच्या प्रश्नांत मात्र अंदाजाने ठोकाठोक झाली होती. परीक्षा कितीही वेळा देता येते, आणि उत्तीर्ण झाल्यापासून तीन वर्षांच्या आत नोंदणीचा अर्ज करायचा असतो, हे तिला पुन्हा सांगितलं. पुढचे तीन महिने तिने मालमत्ता हस्तांतरण कायदा, करार कायदा आणि २०१३ चा भूसंपादन कायदा पहाटे उठून वाचला. दुसऱ्या वेळी ६७. अर्जाबरोबर पाच हजार रुपये शुल्क भरलं, आरव्हीओची शिफारस गेली, यथावकाश नोंदणी क्रमांक आला.

त्यानंतरचे चार महिने एकही काम नव्हतं. हेही सांगायला हवं, कारण क्रमांक हातात आला की कामं आपोआप येतील असं मानून लोक नोकरी सोडतात आणि मग खचतात. बँकांनी तिला अनुभवाच्या अटी दाखवून थांबायला सांगितलं. ती सरांकडे जात राहिली आणि स्वतःचे अर्जही पाठवत राहिली. शेवटी एका छोट्या पतसंस्थेने पॅनेलवर घेतलं.

पहिल्या कामाच्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. मालकाच्या कागदावर चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) ६४० चौरस फूट होतं, तिच्या टेपने ५८८ भरलं. तिने पुन्हा मोजलं, पुन्हा ५८८. मालक म्हणाले, “कागदावरचंच लिहा ना ताई, आधीच्यांनी तेच लिहिलंय.”

“मग काय लिहिलंत?” मी विचारलं.

“दोन्ही आकडे लिहिले. किंमत ५८८ वर काढली.”

मागून तिची मुलगी हाक मारत होती. उद्या सकाळी दुसरी साइट आहे, बॅटरीचा टॉर्च घ्यायचाय, म्हणून तिने फोन ठेवला.