सांगलीत राहून रॉक गिटारिस्ट म्हणून स्वतःच्या अटींवर करिअर होईल का? कंपनीच्या करारावर सही करावी का?

प्रश्नातली माहिती थोडक्यात अशी: तुम्ही विश्रामबागला राहता, ऑर्केस्ट्रात गिटार वाजवता, स्वतःची चार मराठी रॉक गाणी तयार आहेत, आणि एका कंपनीने ‘रेकॉर्डिंगचा खर्च आमचा, हक्क आमचे’ असा करार पाठवलाय.

करिअर होईल. सही मात्र आत्ता करू नका.

गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. चाल आणि शब्द ज्यांनी केले त्यांचे. रेकॉर्डिंग, म्हणजे मास्टर, निर्मात्याचं; आणि कॉपीराइट कायद्यात निर्माता म्हणजे ते करवून घेण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. कंपनीने स्टुडिओ लावला, बिल भरलं, की मास्टर बहुधा तिच्याकडे जातो आणि तो हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो. त्यातही झालेला खर्च आधी तुमच्याच रॉयल्टीतून वळता करून घेण्याचं कलम असतं. म्हणजे पैसे शेवटी तुमचेच गेले आणि मास्टर त्यांचा राहिला.

कराराचा कागद घेऊन बसा आणि आधी हे शोधा की हक्क कायमचे ‘हस्तांतरित’ होतायत की मुदतीच्या ‘लायसन्स’वर दिले जातायत. हस्तांतर लेखी आणि सहीचं असावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच तयार मसुद्यात ‘कायमस्वरूपी, संपूर्ण जगात’ हे आवर्जून घातलेलं असतं. हक्क घेऊन एक वर्षात वापरले नाहीत तर ते परत येतात, पण करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. त्यामुळे तसं एखादं वाक्य आहे का तेही बघा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही, तसं लिहून दिलं तरी ते टिकत नाही. हे संरक्षण चाल आणि शब्दांना आहे, मास्टरला नाही. आणि ‘पुढची सर्व गाणी आधी आम्हाला’ हे कलम दिसलं तर बाकीचं वाचायचीही गरज नाही.

बॉस्टन बँडच्या टॉम शोल्झने पोलरॉइडमधली इंजिनिअरची नोकरी सांभाळून, पगारातून तळघरात स्टुडिओ उभा केला. १९७६ चा पहिला अल्बम बहुतांश तिथलाच आहे. किंग क्रिम्सन बँडचा गिटारिस्ट रॉबर्ट फ्रिपने १९९२ मध्ये काढलेल्या डीजीएम या लेबलचं तत्त्वच असं की कॉपीराइट कलाकाराकडे राहील. दोघांनाही कंपन्यांशी वर्षानुवर्षं भांडावं लागलं, तेही आधी केलेल्या सह्यांमुळे.

तेव्हा पहिलं काम घरी रेकॉर्डिंग. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटार-माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी, आणि त्यात हाय-झी म्हणजे थेट गिटार जोडायचा इनपुट असलेला. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सगळ्यात जोरात वाजवलं तरी मीटर −१० डेसिबलच्या वर जाऊ नये. गिटार कोरी, थेट केबलमधून रेकॉर्ड करा आणि अ‍ॅम्पचा आवाज नंतर सॉफ्टवेअरने चढवा. मत बदललं तरी पुन्हा वाजवावं लागत नाही. डाव्या-उजव्या बाजूची ऱ्हिदम खरोखर दोनदा वाजवा. एकच ट्रॅक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर आवाज रुंद होत नाही, फक्त मोठा होतो. अ‍ॅम्पचा गेन, म्हणजे डिस्टॉर्शन किती चढवायचं ते, कार्यक्रमात ठेवता त्याच्या निम्मा पुरतो, कारण दोन ट्रॅक एकत्र आले की विकृती वाढते आणि कॉर्डमधले सूर चिखलात जातात. गिटारचा ८० हर्ट्झखालचा भाग कापून बेसला जागा द्या.

गुणगुण येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. तेवढ्याने थांबली तर दोष चार्जरचा किंवा घराच्या अर्थिंगचा. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. प्लगची अर्थ पिन कधीही तोडू नका.

ड्रम्स घरी नीट होत नाहीत. क्लिकवर, म्हणजे मेट्रोनोमच्या टिकटिकीवर, ड्रमरला ऐकायला गिटारचा गाइड ट्रॅक बनवून कोल्हापूर किंवा पुण्याला एक दिवस स्टुडिओ घ्या. बिल स्वतःच्या नावावर घ्या, सगळ्या कच्च्या फाइल्स त्याच दिवशी आपल्या हार्ड डिस्कवर आणा, आणि ड्रमर व मिक्स करणाऱ्याकडून ‘मानधन मिळालं, मास्टरवर माझा हक्क नाही’ असं दोन ओळींत सही करून घ्या. बँडमधल्या मित्रांशीही चाल-शब्दांच्या वाट्याची टक्केवारी गाणं प्रसिद्ध होण्याआधी लिहून ठेवा. मैत्री घट्ट असते तेव्हाच हा कागद सहज होतो.

एक आग्रहाची सूचना. इंटरनेटवरचे लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारे तयार तुकडे, वापरू नका. तोच लूप दुसऱ्या कुणी यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे गाण्यावरचा हक्क आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, नोंदवला असेल तर तुमच्याच गाण्यावर क्लेम येतो. मिरज हाकेच्या अंतरावर आहे, तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. ड्रॉप डी ट्यूनिंगच्या, म्हणजे गिटारची सगळ्यात जाड तार डीवर उतरवलेल्या, गाण्याखाली तानपुरा लावा, सा पांढरी दोनचा, म्हणजे तोच डी. तो गिटारच्याच, ४४० हर्ट्झच्या ट्यूनरवर मिळवा, कानाने लावलेला तानपुरा गिटारशी किंचित उतरलेला-चढलेला राहतो. माइक घोडीपासून वीतभर लांब. जवारीचा तो झणकार आणि डिस्टॉर्शन एकमेकांत असे मिसळतात की हा आवाज कुठल्या पॅकमध्ये मिळणार नाही.

पोटापाण्यासाठी ऑर्केस्ट्रा सोडू नका. जत्रा, गणेशोत्सव, लग्नसराई आणि आठवड्याच्या शिकवण्या यांतून महिन्याचा खर्च निघाला, तरच कंपनीला नाही म्हणता येतं.

गाणं तयार झालं की डिस्ट्रिब्युटरमार्फत, म्हणजे स्पॉटिफायसारख्या अ‍ॅप्सवर गाणी पोचवणाऱ्या सेवेमार्फत, टाका. काही वार्षिक फी घेतात, काही एकरकमी. वार्षिकवाल्यांत फी थांबवल्यावर गाणं उतरतं का, ते आधी वाचा. कव्हर चित्र ३००० बाय ३००० पिक्सेल. फाइल चार आठवडे आधी चढवा, कारण स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं प्रसिद्धीच्या किमान सात दिवस आधी सुचवावं लागतं. तिथे वर्षात १००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याचे पैसे सुरू होत नाहीत, त्यामुळे पहिल्या वर्षी तिकडून मिळकत धरू नका. चाल-शब्दांच्या रॉयल्टीसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्या, ते डिस्ट्रिब्युटर करून देत नाही. बँडचं नाव ट्रेडमार्कच्या ४१ व्या वर्गात नोंदवा, व्यक्तीला ऑनलाइन फी ४,५०० रुपये.

कंपनीला उत्तर द्यायचंच असेल तर असं द्या: मास्टर माझा, हे एकच गाणं, तीन वर्षांचं लायसन्स, हिशेब दर सहा महिन्यांनी, यूट्यूब चॅनेल माझ्याकडे. मान्य असेल तर सांगलीतल्याच वकिलाला मसुदा दाखवून मग सही करा.