आजोबांना आधार विचारावा का?

प्रश्न : चवथीला माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मंडपीखाली) गप्पा चालल्या होत्या. ऐंशीच्या घरातले आजोबा म्हणाले, "जनमत कौलात विलीनीकरण शे-दोनशे मतांनी हुकलं." मी म्हटलं, "नाही, 34 हजारांनी." "कुणी सांगितलं?" मी फोनवर आलेला संदेश पुढे केला. "मी त्या दिवशी रांगेत उभा होतो, आणि तू मला फोन दाखवतोस?" सगळं घर त्यांच्या बाजूने झालं. बरोबर असूनही मी गप्प बसलो. मोठ्या माणसांना 'याला आधार काय' असं विचारणं उद्धटपणाचं आहे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आकडा तुमचाच बरोबर. 16 जानेवारी 1967 ला गोव्यात कौल झाला. महाराष्ट्रात विलीन होण्यासाठी 'फूल', केंद्रशासित राहण्यासाठी 'दोन पानं'. फुलाला 1,38,170 मतं पडली, दोन पानांना 1,72,191. फरक 34,021.

पण तो संदेश कुणी लिहिला, कशावरून लिहिला, हे तुम्हाला सांगता आलं नाही. उद्या त्याच ग्रुपवर 340 असं आलं असतं, तर तेही तुम्ही तितक्याच खात्रीने पुढे केलं असतं. आजोबांनी विचारलेला प्रश्न रास्तच होता.

म्हापशाच्या एका शाळेत मी तीस वर्षं इतिहास शिकवला. 'गोव्यावर साडेचारशे वर्षं पोर्तुगीजांचं राज्य होतं' हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहायचो. एकदा पेडण्याहून येणाऱ्या एका मुलीने विचारलं, "सर, आमच्या पेडण्यावरपण?" गोव्याच्या तालुक्यांपैकी तिसवाडी पोर्तुगीजांनी 1510 मध्ये घेतली, बार्देश आणि सासष्टी 1543 मध्ये, पेडणे मात्र त्यांच्याकडे गेलं 1788 मध्ये. म्हणजे 1961 च्या मुक्तीपर्यंत पावणेदोनशे वर्षंसुद्धा भरत नाहीत. या सनावळ्या मी वाचलेल्या होत्या. तरी ते वाक्य सुटलं नव्हतं, कारण भाषणात, लेखात, घरात सगळे तेच म्हणत. त्या मुलीने विचारलं नसतं, तर मी निवृत्तीपर्यंत तेच लिहीत राहिलो असतो. म्हणून आधार विचारणाऱ्याला मी उद्धट म्हणणार नाही. सूर मात्र सांभाळावा. "हे कुठे वाचायला मिळेल, मलाही बघायचंय" असं म्हटलं की समोरचा माणूस आठवू लागतो.

तुमच्या वादात आणखी एक गोष्ट आहे, ती मला आकड्याहून मोलाची वाटते. आजोबा रांगेत उभे होते. त्यांच्या केंद्रावर गर्दी किती होती, कोण कुणाशी बोलत नव्हतं, घरात कुणी फूल म्हटलं आणि कुणी पानं, याला त्यांच्याइतका चांगला साक्षीदार नाही. साऱ्या गोव्याची बेरीज मात्र रांगेतून दिसत नाही. तिच्यासाठी अधिकृत निकालच बघायला हवा. आणि उलटही लक्षात ठेवा : लोकांनी तसं मत का दिलं, हे 34,021 हा आकडा सांगत नाही. तो हाती आला म्हणून पुढचं सगळं आपोआप सिद्ध होतं असं समजू नका.

एकदा पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जा. तिथे जुनी वर्तमानपत्रं मागा. त्या वेळी 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने होता, 'राष्ट्रमत' विरोधात; दोन्ही मराठी. एकच वाचलंत तर एकाच बाजूचा गोवा कळेल. दोन्ही वाचा, आणि जे टिपाल त्याच्याशेजारी वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान लिहून ठेवा. दुसऱ्या कुणाला जाऊन तेच पान उघडता आलं पाहिजे, एवढीच माझी कसोटी आहे.

मग तो कागद घेऊन आजोबांकडे बसा. आधी आकडा दाखवू नका. मत कुठल्या केंद्रावर दिलंत, सोबत कोण होतं, ते विचारा. शे-दोनशेचा आकडा बहुधा त्यांच्या गावापुरता असेल, तेही निघेल. ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवा. खाली त्यांचं नाव, गाव आणि आजची तारीख घाला.