सूत्रं राखायची, गुण भरू द्यायचे

प्रश्न : शाळेचं निकालपत्रक मी एक्सेलमध्ये केलं आहे. वर्गशिक्षकांकडे गुण भरायला दिलं की कुणाच्या तरी हातून बेरजेचं सूत्र पुसलं जातं. शीट प्रोटेक्ट केली, तर गुणच भरता येईनात. काय करावं?
– एक मुख्याध्यापिका, जुन्नर तालुका

उत्तर : ताई, एक्सेलमध्ये प्रत्येक सेल मुळातच ‘लॉक्ड’ असतो. शीट प्रोटेक्ट करेपर्यंत ते जाणवत नाही, इतकंच. म्हणून आधी गुणांचे रकाने मोकळे करा. ते निवडून कंट्रोल आणि १ दाबा, ‘प्रोटेक्शन’मध्ये ‘लॉक्ड’ची खूण काढा. मग ‘रिव्ह्यू’मधून ‘प्रोटेक्ट शीट’. तिथेच ‘सिलेक्ट लॉक्ड सेल्स’चीही खूण काढा. मग सूत्राच्या सेलवर क्लिकच होत नाही. आमच्या शाळेची फाइल मी अशीच देते.

तिसरी-चौथीला आकारिकचे (वर्गात वेळोवेळी होणाऱ्या मूल्यमापनाचे) ६० आणि संकलितचे (सत्राअखेरच्या परीक्षेचे) ४० गुण. प्रोटेक्ट करण्याआधी ‘डेटा व्हॅलिडेशन’मध्ये या मर्यादा घाला, म्हणजे ४५ ऐवजी ४५५ टाइप झाले तर एक्सेल तिथल्या तिथे अडवेल.

खरी गोम पेस्ट करण्यात आहे. शिक्षक आपल्या दुसऱ्या फाइलमधून गुण कॉपी करून आणतात. साधं पेस्ट केलं तर तिथल्या सेलचं लॉकही सोबत येतं. मोकळा रकाना पुन्हा बंद, आणि वर मर्यादाही पुसली जाते. मग ‘फाइल बिघडली’ म्हणून फोन येतात. सगळ्यांना आवर्जून सांगा, राइट क्लिक करून ‘व्हॅल्यूज’ हाच पर्याय घ्या. तरीही पेस्ट केलेला आकडा एक्सेल तपासत नाही. म्हणून फाइल परत आली की प्रोटेक्शन काढून ‘सर्कल इनव्हॅलिड डेटा’ चालवा. चुकीच्या गुणांभोवती लाल गोल पडतात.

आता एक गोष्ट कळकळीने सांगते. शीटचा पासवर्ड चुकून लागणाऱ्या हातापासून वाचवतो, माहिती गुप्त ठेवत नाही. तो काढणं अवघड नाही, आणि लपवलेल्या रकान्याचंही तेच. मुलांचे आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल नंबर ‘हाइड’ करून फाइल ग्रुपवर टाकणं मला अजिबात मान्य नाही. गुण भरायला ते लागत नाहीत. त्या प्रतीतून काढूनच टाका. ते असलेली मूळ फाइल स्वतःकडे ठेवा आणि तिला ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘प्रोटेक्ट वर्कबुक’मधून ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’ करा. हा पासवर्ड विसरलात तर मायक्रोसॉफ्टही तो परत मिळवून देत नाही. तेव्हा कागदावर लिहून, पाकीट बंद करून ऑफिसच्या कपाटात ठेवा.